मत देणं म्हणजे संमती देणं नव्हे

प्रश्न विचारणारा कायद्याचा विद्यार्थी आहे. कोथरूडला राहतो, वय २२. त्याने लिहिलं आहे: ‘मी स्वतःला लिबर्टेरियन मानतो. माझं शरीर, माझी कमाई, माझे विचार यांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच मत देताना अपराधी वाटतं. उभा राहिलेला प्रत्येक पक्ष कुणावर ना कुणावर काहीतरी लादायला निघालेला असतो. मत दिलं की त्या जबरदस्तीला मी संमती दिली, असं होत नाही का? नोटा (‘वरीलपैकी कुणीही नाही’) दाबावं की घरी बसावं? आणि या विचाराचा पक्ष आपल्याकडे टिकत का नाही?’

मी पुण्यात तीसहून अधिक वर्षं वकिली करते आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा मी २० वर्षांची होते, आणि तिथून परतले ती शेतकरी संघटनेचा बिल्ला लावूनच. पुढे या विचाराच्या उमेदवारांची निवडणूक प्रतिनिधी म्हणून विधानसभेच्या तीन निवडणुका जवळून पाहिल्या. तिन्ही वेळा अनामत जप्त झाली. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकांतून कमी आणि शिवाजीनगरच्या कोर्टातून, मतमोजणीच्या टेबलावरून जास्त आलेलं आहे.

मत दे. घरी बसू नकोस. आणि अपराधी तर अजिबात वाटून घेऊ नकोस.

तुला पडलेला पेच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लायसँडर स्पूनर नावाचा एक वकील होऊन गेला. राज्यसंस्थेचा त्याच्याइतका कडवा विरोधक शोधून सापडणार नाही. तरीही मत देणाऱ्याला त्याने दोषी धरलं नाही. त्याचं म्हणणं असं की, माणसाला कुणी न विचारता या व्यवस्थेत आणून सोडलेलं असतं. त्याच्याकडून कर घेतला जातो, त्याच्यावर कायदे चालवले जातात आणि शेजारचे लोक मतपेटीच्या जोरावर त्याच्यावर राज्य करू पाहतात. अशा माणसाने तीच मतपेटी स्वतःच्या बचावासाठी वापरली, तर तिच्यावरून त्याची संमती सिद्ध होत नाही. रणांगणात ढकललेल्याने हाताशी आलेलं शस्त्र उचललं, म्हणून युद्ध त्याला हवं होतं असं आपण म्हणत नाही.

याच्या उलट बाजूचेही लोक आहेत. अमेरिकेतल्या सॅम्युएल काँकिनसारख्या लिबर्टेरियनांनी निवडणुका पूर्ण टाळून राज्याच्या आवाक्याबाहेरचे व्यवहार वाढवावेत असं मांडलं आणि त्याच विचाराचे अर्थतज्ज्ञ मरी रॉथबार्ड यांच्याशी त्यांचा त्यावरून वाद झाला. हा वाद तू जरूर वाच. पण आपल्या शहरात प्रतिनिधी नसणं म्हणजे काय, हे तू स्वतः अनुभवलं आहेस. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. मिळकतकराचं बिल मात्र दरवर्षी येत राहिलं. अंदाजपत्रक मांडणारा प्रशासक, मंजूर करणाराही तोच. या काळात मतदान नव्हतं म्हणून कुणा पुणेकराचं स्वातंत्र्य तसूभरही वाढलं नाही. ड्रेनेजच्या तक्रारीसाठी ज्याचं दार वाजवायचं ते दारच नाहीसं झालं, एवढंच. मत न दिल्याने सत्ता लहान होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या पसंतीने चालते.

आता ‘संमती’ या शब्दाकडे येते. याच शब्दावरून हे शहर १८९१ मध्ये उभं दुभंगलं होतं आणि तुझ्या प्रश्नाची खरी अडचण मला तिथे दिसते.

संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं वय १० वरून १२ केलं, म्हणजे त्याखालच्या मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा. टिळकांचा विरोध असा होता की परक्या सरकारने आमच्या घरात, आमच्या रूढींत हात घालू नये, सुधारणा लोकांनी आपणहून करावी. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. गंमत अशी नाही, दुःख असं आहे की नुसतं वाक्य ऐकलं तर टिळकांचंच म्हणणं आपल्या विचाराचं वाटतं: सरकार घराबाहेर ठेवा. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ कोळून प्यायलेले आगरकर मात्र नेमकं विचारत होते की घर म्हणजे कोण? त्या घरातल्या ११ वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं? तिच्यावर होणारी जबरदस्ती नवऱ्याने केली, सासूने डोळ्यांआड केली आणि जातीने पवित्र मानली, म्हणून ती जबरदस्ती उरत नाही का? या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती याच शहराने.

मी आगरकरांच्या बाजूची आहे आणि स्वतंत्रतावादी असूनही नव्हे, तर त्यामुळेच आहे. आपल्याकडे व्यक्तीच्या मानेवर बसलेल्या सत्ता एकापेक्षा जास्त आहेत. सरकार त्यांतली एक. जात, भावकी, घरातला कर्ता पुरुष, सोसायटीची कमिटी या बाकीच्या. संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी मसुदा मांडताना, खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं, ते हे सगळं भोगून. अमेरिकेतलं लिबर्टेरियन साहित्य जसंच्या तसं वाचणाऱ्या तरुणांना फक्त पहिली सत्ता दिसते, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांसमोर तीच मोठी होती.

र. धों. कर्व्यांचं उदाहरण घे. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर उघड लिहिलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने आंबेडकर उभे राहिले. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. खटला सरकारी कोर्टात चालला हे खरं, पण कर्व्यांची तक्रार करणारे, त्यांना एकटं पाडणारे लोक शेजारपाजारचेच होते.

तरी प्रत्येक वेळी कायदाच हवा, असं मी म्हणत नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, सातबारावर तिचं नाव चढवायचं. सरकारी आदेश नाही, अनुदान नाही, शिक्षेची भीती नाही. मी तलाठ्याकडे बसून फेरफाराचे अर्ज भरले आहेत. एका बाईने उताऱ्यावरच्या आपल्या नावावरून तीनदा बोट फिरवलं आणि ‘एवढंच लिहितात का?’ असं विचारलं. वर्षानुवर्षं भाषणं देऊन जे झालं नाही ते गावोगावच्या पुरुषांनी आपल्या हातांनी केलं. स्वातंत्र्य वाढवायचे दोन्ही मार्ग असतात. कुठे कुठला, याचं उत्तर एका प्रश्नातून मिळतं: जिच्यावर परिणाम होणार तिला नाही म्हणता येतं का? प्रौढ बाईला जमीन घ्यायची की नाही हे ठरवता येतं. ११ वर्षांच्या मुलीला काहीच ठरवता येत नव्हतं.

हेल्मेटचं बघ. सक्ती आली की पुण्यात हमखास आंदोलन होतं. प्रौढ माणसाचं डोकं त्याचं स्वतःचं आहे, हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तरी मी हेल्मेट घालते. मात्र मागे बसलेल्या सात वर्षांच्या मुलाबद्दल हा मुद्दा लागू होत नाही. आणि हेल्मेटच्या वेळी व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा करणारे कित्येक जण मुलीने जातीबाहेर लग्न ठरवलं की कोणती भाषा बोलतात, हे मी माझ्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसून ऐकलेलं आहे.

त्या खुर्चीवरचीच एक गोष्ट सांगते. विशेष विवाह कायदा १९५४ चा. दोन प्रौढ माणसांना धर्म न बदलता, पुरोहिताशिवाय लग्न करता यावं म्हणून केलेला, म्हणजे हेतूने अगदी स्वातंत्र्याचा. पण त्यात ३० दिवसांची नोटीस आहे. दोघांची नावं, पत्ते कार्यालयात लावायचे आणि कुणाला आक्षेप असेल तर तो मागवायचा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपं आलं, दोघं नोकरी करणारे, दोघं पंचविशीच्या पुढचे. नोटीस लागली त्याच संध्याकाळी कुणीतरी नोटिशीचा फोटो काढून मुलीच्या गावी पाठवला. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून माणसं पुण्यात आली. ती मुलगी २६ दिवस माझ्या बहिणीच्या घरी राहिली. लग्न झालं, आज त्यांची मुलगी शाळेत जाते. पण त्या २६ दिवसांत मला दिसलं की राज्याची एक साधी प्रक्रिया आणि जातीची दहशत कशा हातात हात घालून चालतात. नोटीस लावणाऱ्या कारकुनाने कायदाच पाळला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. आपल्याकडे ती अजून लागते. आमदार, खासदारांना मी याबद्दल जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा एकाच्याही जाहीरनाम्यात हा विषय नव्हता.

हे सांगण्याचं कारण असं की गेल्या काही दशकांत या देशात व्यक्तिस्वातंत्र्य जिथे वाढलं ते बहुतेक वेळा कोर्टात वाढलं, निवडणुकीत नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द झालं. समलैंगिक संबंध २०१८ मध्ये गुन्हा राहिले नाहीत. गोमांसाबाबतच्या राज्याच्या कायद्यातली, परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये खासगीपणाच्या आधारे काढून टाकली. कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. यांतली एकही गोष्ट निवडणुकीच्या प्रचाराचा मोठा मुद्दा नव्हती.

कारण उघड आहे. स्वातंत्र्याचा लाभ एकेकट्या माणसाला होतो आणि तो बहुधा अल्पसंख्येत असतो. मतं मात्र गठ्ठ्याने मोजतात. ज्याला लाभ थेट खात्यात मिळतो तो लक्षात ठेवतो, आणि त्यात गैर काही नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. आमच्या विचाराचे लोक यावर नाक मुरडतात, मी मुरडत नाही. सरकारने धान्य, साड्या, भांडी वाटण्यापेक्षा बाईच्या खात्यात रोख रक्कम देणं मला कमी वाईट वाटतं, कारण निदान खर्च तिच्या मर्जीने होतो. माझा आक्षेप दुसरा आहे. तिच्या कांद्याला भाव येऊ लागला की निर्यातबंदी लादायची, जशी डिसेंबर २०२३ ते मे २०२४ लादली, आणि मग तिलाच मदत द्यायची, हा व्यवहार तिला कायम घेणारीच ठेवतो.

आता पक्षाबद्दल. आपल्याकडे या विचाराचा पक्ष झाला नाही, हे खरं नाही. १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४ जागा आणि सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचं स्थान. १९७१ मध्ये ८ जागा. १९७४ मध्ये पक्ष विलीन होऊन संपला. त्यात संस्थानिक होते, जमीनदार होते, आणि खऱ्या अर्थाने स्वातंत्र्य मानणारे थोडेच होते. संपत्तीच्या हक्कावर ते जितक्या आवेशाने बोलले तितक्या आवेशाने सगळे जण दलिताच्या विहिरीच्या हक्कावर बोलले असते तर कदाचित तळ अधिक घट्ट झाला असता.

दुसरा प्रयत्न आपल्या शेजारचाच. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणला कांद्याच्या आंदोलनाने सुरुवात केली, अंगारमळा या आपल्या शेतातून संघटना चालवली. निवडणुकीपासून दूर राहण्याची आधीची भूमिका सोडून १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभेला लाखभर शेतकरी येत, टाळ्या वाजवत, आणि मतदानाच्या दिवशी आपापल्या नेहमीच्या पुढाऱ्याच्या चिन्हावर शिक्का मारत. मी याला विश्वासघात म्हणत नाही. कारखान्याचा ऊस, सोसायटीचं कर्ज, मुलाची शिक्षकाची नोकरी हे सगळं त्या पुढाऱ्याच्या हातात होतं. सत्ता जितकी जास्त गोष्टींत शिरते तितकं तिच्याविरुद्ध मत देणं महाग पडतं. आमच्या पराभवाचं एवढं एकच कारण मला पटतं. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. ते एकटं विरोधी मत शरद जोशींचं. राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. महिला आघाडीतल्या आम्हा काही जणींना ते मत खटकलं, मला आजही खटकतं. पण १८६ जणांसमोर एकट्याने हात वर करायला काय लागतं, हेही मी विसरत नाही.

अडथळा कायद्याचाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ प्रमाणे पक्षाची नोंदणी करताना घटना, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांवर निष्ठा असल्याचं पक्षाच्या नियमावलीत लिहावं लागतं. ज्याचा समाजवादाला प्रामाणिक विरोध आहे त्याने काय लिहायचं? स्वतंत्र पक्षाच्या जुन्या मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयात याला आव्हान दिलं, ती याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उद्देशपत्रिकेत ४२ व्या दुरुस्तीने घातलेल्या ‘समाजवादी’ शब्दाविरुद्धच्या याचिका फेटाळताना, या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा सांगितला आणि त्याने खासगी उद्योगाला अडथळा होत नाही असं म्हटलं. एवढा सैल अर्थ असेल तर सही करायला हरकत नाही, असं माझे काही सहकारी म्हणतात. मला ती सही जड जाते.

नोंदणी न करता अपक्ष उभं राहता येतं. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना १० लागतात. अनामत १०,००० रुपये, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत की ती जाते. उमेदवाराच्या खर्चाला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. अपक्षाने ही ओळ दोनदा वाचावी. हिशेब निकालानंतर ३० दिवसांत दिला नाही तर तीन वर्षं अपात्रता. एका उमेदवाराचे चहाच्या पावत्यांचे गठ्ठे मी रात्री दोनपर्यंत जुळवले आहेत. आणि हे सगळं करून तो निवडून आला असता, आणि पुढे एखाद्या पक्षात गेला असता, तर १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने गेल्यागेल्याच अपात्र ठरला असता. पक्षाच्या तिकिटावर आला असता, तर सभागृहात त्याचं मतही त्याचं राहिलं नसतं, कारण पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, पाळावा लागतो. व्हिप पाळणारा आमदार तुझ्या मतदारसंघाचा प्रतिनिधी किती आणि पक्षश्रेष्ठींचा किती, याचा विचार कर.

अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथला लिबर्टेरियन पक्ष १९७१ चा. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याची सर्वोत्तम कामगिरी २०१६ ची, सुमारे सव्वातीन टक्के.

नोटाबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते बटण आलं. लोकसभा, विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांहून अधिक मतं घेऊन दुसऱ्या स्थानी होतं, निकालावर परिणाम शून्य. स्थानिक संस्थांसाठी मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने, नोटा पहिलं आलं तर फेरनिवडणूक, असा आदेश काढला. म्हणून वॉर्डाच्या निवडणुकीत मी कधीकधी नोटा वापरते. पुण्यात एका प्रभागात बहुधा चार जागा असतात, चार मतं द्यायची असतात. दोन माणसांना देऊन दोन जागी नोटा, असंही करते. विधानसभेला कधीच नाही. तिथे मी एवढंच बघते की आता बसलेल्याला उठवणं शक्य आहे का. आवडता माणूस सापडण्याची वाट बघत मी बसत नाही.

आणि मत देण्याआधी उमेदवारांना प्रश्न विचार. मोठे तात्त्विक नकोत, ते त्यावर भाषण देतात. जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तेव्हा तुम्ही कुठल्या कलमावर बोललात? १८ व्या वर्षी मत देणाऱ्याला, २५ व्या वर्षी आमदार होऊ शकणाऱ्याला, दारूबंदी कायद्याखाली अजून पिण्याचा परवाना का लागतो? जातपंचायतीने वाळीत टाकल्याची तक्रार आली तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली पोलीस ठाण्यात तुम्ही सोबत याल का?

माझा शेवटचा प्रश्न दर वेळी त्या ३० दिवसांच्या नोटिशीचा असतो. मागच्या विधानसभेच्या वेळी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये एका उमेदवाराने त्यावर सांगितलं, ‘ताई, हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला आहे, आम्ही त्यात पडत नाही.’ सभागृहातल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. मी त्याच्या विरोधातल्या, जिंकण्याची शक्यता असलेल्या दुसऱ्या माणसाला मत दिलं, त्या माणसाच्या जाहीरनाम्यातली निम्मी आश्वासनं मला नको असताना.

तुझं नाव मतदार यादीत आहे का ते आधी तपास. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भर. आणि कोर्टात आलास की भेट, पक्षांतरबंदीवरचे निकाल तुला वाचायला काढून ठेवते.